ताट दिसल्याशिवाय सुई नाही

कराड,
रविवार सकाळ

प्रिय बंड्या,

काल "आलं रे शेवटचं स्टेशन" एवढंच म्हणालास आणि फोन ठेवलास. नंतर वहिनींनी आमच्या हिला सगळं सांगितलं. मधुमेहासाठी तू घेतोस त्या रात्रीच्या इन्सुलिनच्या जोडीला डॉक्टरांनी दोन्ही जेवणांआधीचं इन्सुलिन सुरू केलंय आणि तू चार दिवस ते टोचायचं पेन खोक्यातून बाहेरसुद्धा काढलेलं नाहीस. फोनवर तू मला बोलू देणार नाहीस, म्हणून पत्र लिहितोय. निदान हे मधेच बंद करता येणार नाही.

मला हे सुरू होऊन सात वर्षं झाली. स्टेशनबिशन काही नसतं. वर्षानुवर्षं ओढून ओढून इन्सुलिन बनवणारं स्वादुपिंड थकतं, मग बाहेरून मदत द्यावी लागते. तू कॉलेजात पैज लावून खाल्लेल्या बावीस जिलब्यांची ही शिक्षा नाही, तेव्हा ते डोक्यातून काढ. १९२२ च्या जानेवारीत टोरोंटोमध्ये चौदा वर्षांच्या एका मधुमेही मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं. त्याआधी अशा पोरांना जवळजवळ उपाशी ठेवून त्यांचे दिवस वाढवायचे, दुसरा इलाजच नव्हता. आपल्याला ते कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळतं. आणि सुई म्हणशील तर चार मिलिमीटरची. होस्टेलमागच्या माळावरून अनवाणी येताना याच्या तिप्पट काटे आपण पायातून उपसलेत.

तेव्हा सुईला भिऊ नकोस. भ्यायचंच असेल तर वेळेला भी. मी कसा आपटलो ते सांगतो, म्हणजे तुला आपटायला नको.

हिच्या भावाच्या मुलीचं लग्न होतं. मुहूर्त बारा एक्केचाळीसचा. साडेबाराला मी घड्याळ पाहिलं, ही आपली रोजची वेळ म्हणून गाडीत जाऊन इन्सुलिनचे दहा युनिट टोचून आलो. मागे आचाऱ्याची कढई दिसत होती, मसालेभाताचा वास सुटला होता, म्हटलं आता बसलीच पंगत. पण वरात अजून नाक्यावर नाचत होती! मंगलाष्टकं सव्वाला सुरू झाली आणि प्रत्येक मावशीला स्वतः रचलेलं एकेक कडवं म्हणायचं होतं. मला आधी राग आला. मंगलाष्टकांचा नव्हे, खुर्ची सरकवणाऱ्या मेहुण्याचा. त्याला मी चारचौघांत नको ते बोललो. मग मानेवरून घाम ओघळायला लागला, हाताला कापरं सुटलं, समोरच्या अक्षता दोन-दोन दिसायला लागल्या. कोणी म्हणालं बीपी असेल, वारा घाला. एकाने पेढा पुढे केला. ही मात्र तडक आचाऱ्याकडे गेली आणि स्टीलच्या पेल्यात साखर ढवळून घेऊन आली. तिने बोट टोचून मीटरवर शुगर पाहिली तर बावन्न. पंधरा मिनिटांनी पासष्ट, पुन्हा साखरपाणी, मग अठ्ठ्याण्णव. पंगत बसली ती दोनला.

झालं काय होतं? तुझं जे जेवणाचं पेन आहे ते लवकर काम करणारं असणार. ते टोचल्यावर दहा-पंधरा मिनिटांत कामाला लागतं, एक ते दोन तासांत त्याचा जोर असतो आणि चार तासांच्या आसपास ओसरतं. ते ताटातल्या भाकरीसाठी आलेलं असतं. भाकरी आलीच नाही तर ते रक्तात आहे तीच साखर उचलायला लागतं, ते काही मंगलाष्टकं संपायची वाट बघत नाही. तेव्हापासून माझा नियम एकच, ताट दिसल्याशिवाय सुई नाही. घरी ही शेवटची भाकरी तव्यावर टाकते तेव्हा हाक मारते, मग मी टोचतो. बाहेर असेन तर पानात भात पडला की टोचतो, शर्टाचं खालचं एक बटण काढून. लाजायचं कशाला, लोक पंगतीत तंबाखू मळतात. उलटी-मळमळ असेल, किती जेवण जाईल याचा भरवसा नसेल, तेव्हा जेवून झाल्याबरोबर घेतलं तरी चालतं असं मला माझ्या डॉक्टरांनी सांगितलंय. तू तुझ्या डॉक्टरांना विचारून ठेव. इन्सुलिन जुन्या पद्धतीचं 'रेग्युलर' असेल तर त्याचं गणित निराळं, ते अर्धा तास आधी घ्यावं लागतं. तेव्हा खोक्यावरचं नाव नीट वाच. शिवाय तुझी ती ग्लिमेपिराइडची गोळी चालू ठेवायची की बंद, हेही विचार. तीही साखर खाली ओढते, म्हणजे दोन बैल एकाच बाजूला.

शुगर सत्तरच्या खाली गेली की ती कमीच. चोपन्नच्या खाली गेली तर मामला गंभीर. ग्लुकोज पावडर किंवा साखर, तीन चमचे पाण्यात घालून पी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपास. पेढा, चॉकलेट तेव्हा कामाचे नाहीत, त्यातलं तूप-लोणी साखरेला उशीर करतं. जेवणाआधीच शुगर सत्तरच्या खाली दिसली तर आधी साखर, इन्सुलिनचं नंतर बघू. वहिनींना आणि पोराला एक गोष्ट बजावून ठेव. तू बेशुद्ध असशील तर तोंडात काही घालायचं नाही. कुशीवर वळवायचं, १०८ ला फोन करायचा. आणि तू विनाकारण चिडलास तर आधी मीटर आणायचं, मग भांडायचं. आमच्या घरात आता मी खराच चिडलो तरी कोणी ऐकून घेत नाही, मीटरची पट्टी घेऊनच येतात.

युनिट किती ते मी सांगणार नाही, विचारूही नकोस. माझं दहा ते तुझं सहा असेल नाहीतर चौदा. पण ते आकडे ताटावर ठरतात एवढं ध्यानात घे. फुलका, भाकरी, भात, बटाटा, साबुदाणा यांची साखर होते. पालेभाजी आणि अंडं फारसं नडत नाही. एका फुलक्यात साधारण पंधरा ग्रॅम पिष्ट धर, वाटीभर भातात तीसएक. म्हणजे रोज दोन फुलके खाणाऱ्याने त्याच डोसवर आज नुसती कोशिंबीर खाल्ली तर तो गोत्यात, आणि आमटी-भातावर आडवा हात मारला तरी गोत्यात. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे ताट रोज सारखं ठेव. कंटाळा येईल, येऊ दे. जेवायला बसल्यापासून दोन तासांनी तपासायचं आणि आकडा कालनिर्णयच्या चौकटीत लिहायचा. तिथेच डोस घेतल्याची खूणही करायची. हे मी विसरभोळेपणातून शिकलो. घेतलं की नाही ते आठवत नसेल तर पुन्हा घ्यायचं नाही. एक वेळ शुगर चढली तर निस्तरता येते, दुप्पट डोस निस्तरणं अवघड.

पुरणपोळीचं तुला सांगायलाच हवं, कारण तू होळीला गप्प बसणार नाहीस. तुपाने साखरेला वेळ लागतो. दोन तासांनी मीटर दीडशे दाखवतं, माणूस मिशीला पीळ देतो, आणि चौथ्या तासाला अडीचशे. मग हात शिवशिवतो की मारू आणखी चार युनिट. पहिलं इन्सुलिन अजून अंगात काम करत असताना वर दुसरं टाकलं की दोन्ही मिळून रात्री तुला खाली आणतात. डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय मधली सुई मारायची नाही, चार तास जाऊ द्यायचे. एक पोळी खा, तूप हात राखून वाढ म्हण, जेवल्यावर गल्लीला दोन फेऱ्या मार.

गेल्या मे महिन्यात मला तीनशे दहा दिसलं. हापूस चिरून बाजूला ठेवला होता, नातवासाठी, शपथेवर सांगतो. ही म्हणाली, हात धुतलेत का? साबणाने धुऊन पुन्हा पाहिलं तर एकशे अठ्ठेचाळीस. बोटाला लागलेला रस मीटरने मोजला होता. त्या आकड्यावर मी सुई मारली असती तर? तेव्हापासून हात धुऊन, पुसून, मगच पट्टी.

आता तुझ्याकडे दोन पेनं झाली. ही खरी धोक्याची जागा. रात्री अर्धवट झोपेत लांब चालणाऱ्या पेनाऐवजी जेवणाचं पेन हातात आलं आणि रात्रीचा मोठा डोस त्यातून गेला तर काय होईल ते तूच बघ. जेवणाच्या पेनाला मी रबरबँडचे दोन वेढे दिलेत, अंधारात बोटाला कळतं. ते स्वयंपाकघरात असतं, रात्रीचं पलंगाजवळ. प्रत्येक वेळी नवी सुई लाव, आधी दोन युनिट हवेत सोडून थेंब दिसतोय का बघ, आणि टोचल्यावर मनात दहापर्यंत मोजून मग सुई काढ. बेंबीच्या दोन बोटं सभोवार सोडून रोज जागा बदल. एकाच जागी टोचत राहिलो म्हणून माझ्या डाव्या बाजूला लिंबाएवढी गाठ झाली होती. तिथे दुखत नाही म्हणून मी खूश, पण तिथलं इन्सुलिन धड रक्तात उतरायचंच नाही. काढलेल्या सुया कचऱ्यात टाकू नकोस, जाड प्लॅस्टिकच्या डब्यात साठव. घंटागाडीवरच्या माणसाचा हात आपल्यासाठी का भोसकायचा?

आणखी एक, हे ठळक अक्षरात लिहिलंय असं समज. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटचं असतं, तिची सिरिंज लाल टोपणाची. पेनातलं बहुधा १०० युनिटचं. मी गावी पेन विसरलो होतो तेव्हा एका औषधवाल्याने पेनात घालायचं इन्सुलिनचं कार्ट्रिज दिलं आणि वर लाल टोपणाची सिरिंज, म्हणाला यानेच ओढून घ्या काका. त्या सिरिंजवर दहाच्या रेघेपर्यंत ओढलं असतं तर अंगात पंचवीस गेले असते. अडीच पट! पेनातलं कधीच सिरिंजने ओढू नकोस, कोणी कितीही शहाणा सांगू दे.

न उघडलेलं फ्रिजच्या दारात ठेव, फ्रीझरमध्ये नाही, गोठलं की फेकून द्यायचं. वापरातलं पेन सावलीत, थंड जागी, साधारण चार आठवडे चालतं. तुमच्या सोलापूरच्या उन्हाळ्यात मात्र घरातसुद्धा भट्टी असते, तेव्हा मातीच्या मडक्यात थोडं पाणी आणि त्यात कोरडा डबा, हा जुना उपाय अजून चालतो. स्कूटरच्या डिकीत अजिबात नको.

एकादशीचं वहिनी विचारत होत्या. त्या दिवशी जे जेवण नाहीच त्याची सुई नाही, पण रात्रीचं इन्सुलिन आपल्या मनाने बंद करायचं नाही. खिचडी खाणार असशील तर तो उपवास पांडुरंगासाठी, इन्सुलिनसाठी ते भरपेट जेवणच. उपवासाच्या आधीच डॉक्टरांशी बोलून घे.

शनिवारी सकाळच्या गाडीने मी येतोय. तोवर सुरू केलं नसशील तर जेवणाची पहिली सुई माझ्यासमोर घे, मीही तुझ्याबरोबर टोचेन. वहिनींना सांग, ज्वारीचीच भाकरी करा, सोबत शेंगदाण्याची चटणी, आणि शेवटची भाकरी तव्यावर पडली की दोघांना एकदमच हाक मारा.

तुझा,
पंत