कडुनिंबाच्या कोपऱ्यासाठी, काकांना

सुदामानगर, इंदूर

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

समोर आभार मानले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. शिवाय आमच्या गल्लीत आणखी चार घरांच्या भिंतींवर तसेच तडे आहेत. त्यांनीही हे वाचावं.

तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात आईच्या खिडकीच्या कोपऱ्यातून छताकडे, विटांच्या सांध्यांतून जिन्यासारखी चढत गेलेली भेग दिसली. देवघराचं दार खांद्यानं रेटल्याशिवाय लागेना. एक ठेकेदार म्हणाला, पाया गेला, घर पाडा. दुसरा म्हणाला, सिमेंट भरून रंग मारून देतो. बाबांनी १९८४ साली बांधलेलं घर. आई त्या रात्री जेवली नाही.

तुम्ही आलात, ओळंबा सोडलात, आणि आधी घराला बाहेरून दोन प्रदक्षिणा घातल्यात. मग म्हणालात, "केसासारख्या रेषा गिलाव्याच्या असतात, त्यांना घाबरू नका. ही पाच मिलिमीटरची आहे, वर रुंद होत गेली आहे. कोपरा खाली चाललाय. पण का, ते एक पावसाळा पाहिल्याशिवाय सांगणार नाही." भेगेवर आडवी काचपट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसनं चिकटवलीत आणि शेजारी तारीख लिहिलीत. ती काच पंधरा दिवसांत तडकली, म्हणजे भेग अजून हलत होती.

मातीची परीक्षा तुम्ही आमच्या ओट्यावर केलीत. वाळवून चाळलेली दहा-दहा ग्रॅम माती दोन मापनळ्यांत, एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. रॉकेलनं माती फुगत नाही, पाण्यानं फुगते. चोवीस तासांनी रॉकेलमधली दहा मिलिलिटरवर होती, पाण्यातली सतरावर. म्हणजे सत्तर टक्के फुगवटा. पन्नासच्या वर गेलं की माती जोखमीची, हे तेव्हा कळलं. 'डग डग रोटी, पग पग नीर' म्हणत ज्या माळव्याच्या मातीचं आम्ही कौतुक करतो, तीच उन्हाळ्यात आक्रसून साडेतीन मीटर खोलीपर्यंत हलते आणि आमचा पाया जेमतेम चार फुटांवर.

पावसाळ्यात भेग निम्मी मिटली आणि तुम्ही निदान सांगितलंत. मोरीच्या नळाचा जमिनीखालचा सांधा गळत होता, गच्चीचं पाणीही तिथेच जोत्यालगत पडत होतं. पलीकडच्या कोपऱ्यावरचा कडुनिंब मात्र मातीतलं पाणी शोषून ती कोरडी करत होता. घराचा एक पाय ओल्यात, दुसरा कोरड्यात. मी झाड तोडायला माणूस बोलावला होता, तुम्ही थांबवलंत. एकदम तोडलं तर तिथली माती पाणी पिऊन फुगेल आणि कोपरा उलट वर उचलला जाईल. दरवर्षी छाटणी करा, एवढंच सांगितलंत.

आधी पाणी, मग पाया, शेवटी भिंत: हा क्रम तुम्ही कुणाला मोडू दिला नाहीत. नळ बदलला, पन्हाळी लांब नेल्या, घराभोवती बाहेर उतार असलेला मीटरभर रुंद पक्का पट्टा केला. पायाखाली भर घातली ती फक्त कडुनिंबाच्या कोपऱ्याला. चार-चार फुटांचे तुकडे खडूनं आखून आधी एक, तीन, पाच. ते पक्के झाल्यावर दोन आणि चार. मिस्त्री घाईनं लगतचा खड्डा उघडायला निघाला तेव्हा तुम्ही पहिल्यांदा आवाज चढवलात. वर भिंत उभी आहे, खालचा आधार सलग काढला तर ती बसेल. नऊ फुटांवर कडक मुरूम लागला, तिथून काँक्रीट वर आणलं. जुन्या पायाखाली तीन इंच जागा सोडली, कारण काँक्रीट सुकताना आक्रसतं. ती नंतर मुठीत गोळा होईल इतक्याच ओल्या मसाल्यानं ठासून भरली. हे काम तुम्ही गुडघे टेकून, टॉर्च लावून स्वतः तपासलंत. तुमचे गुडघे दुखतात हे मला नंतर काकूंकडून कळलं.

भेग मात्र लगेच भरू दिली नाहीत. आणखी एक उन्हाळा काढा म्हणालात. नवी काचपट्टी लावलीत.

काका, घर पाडण्याचा सल्ला ऐकला असता तर आई कुठे गेली असती, याचा विचार मी अजून पुरता करू शकत नाही. पैसे तुम्ही घेतले नाहीत, निदान हे पत्र घ्या.

हा मे गेला. काच अखंड आहे. देवघराचं दार आई एका हातानं लावते. मागच्या आठवड्यात भेग आडव्या सळया टाकून शिवून घेतली, आता रंग द्यायचा आहे. तुमच्या अक्षरातली तारीख आहे तेवढी वीतभर जागा सोडायला तिनं रंगाऱ्याला सांगितलं आहे.

आपली,
कडुनिंबाच्या घरातली