गाडी रोडला बसते का ते आधी बघ

मनू बाळा,

नवी गाडी घ्यायची म्हणून तू काल रात्री पाठवलेल्या तिन्ही लिंका बघितल्या. एक व्हिडिओ तर दोनदा बघितला, त्यातला पोरगा एका हातात मोबाईल धरून दुसऱ्या हातानं स्टीअरिंग सांभाळत मीटरवर एकशे साठ दाखवतोय आणि वर म्हणतोय की गाडी बिलकुल हलत नाही, म्हटलं शाब्बास. फोनवर मी बोलायला लागलो की तू हो पप्पा हो पप्पा करतेस आणि मागनं कीबोर्डचा टकटक आवाज येतो, म्हणून टाइप करूनच पाठवतोय. आज दुकानात गर्दी नाही, एक बोलेरो लिफ्टवर आहे आणि तिचा मालक जेवायला गेलाय.

तर तुझ्या डोक्यात तीन गाड्या. नवीन स्विफ्ट, नाहीतर बजेट ताणून आय-ट्वेंटी एन लाइन, नाहीतर सेकंडहँड पोलो टीएसआय, म्हणजे टर्बो पेट्रोलवाली. आई म्हणते पोरीला कशाला पाहिजे पळणारी गाडी, मी तसं काही म्हणणार नाही, तुझा पैसा आहे, हौस कर. पण तू मला विचारलंस काय, तर शून्य ते शंभर कुठली आधी जाते. अगं सव्वीस वर्षं झाली मी कराडात लोकांची चाकं सरळ करतोय, आजपर्यंत एक पण गिऱ्हाईक गाडी शंभरला उशिरा पोचते म्हणून माझ्याकडं आलेलं नाही. येणारा माणूस म्हणतो मालक, नव्वदच्या वर गेली की गाडी हलकी वाटते. नाहीतर म्हणतो कंटेनरच्या बाजूनं निघालो की कुणीतरी खेचल्यासारखं होतं. शंभरला गाडी पोचतेच गं सगळ्यांची, पोचल्यावर ती रोडला बसते का तरंगते हा खरा प्रश्न आहे.

आपली जुनी लाल गाडी तुला आठवत नसणार, तू आईच्या मांडीवर असायचीस. बारा इंची चाकं, वजन सातशे किलोच्या आत. त्यावेळी हायवे दोनच पदरी होता आणि पेठ नाक्याच्या पुढं समोरनं एसटी गेली की गाडी आधी बाहेर ढकलली जायची आणि लगेच आत ओढली जायची. एकदा पावसात मी घाबरून एकदम अ‍ॅक्सिलरेटर सोडला आणि वर स्टीअरिंग पण फिरवलं, दोन्ही एकाच वेळी. मागची बाजू पुढं यायला निघाली आणि आपण उसाच्या कडेला चारीत. कुणाला काही लागलं नाही, आईनं मात्र पुढचे सहा महिने मला चाळीसच्या वर जाऊ दिलं नाही.

तिथनं मला कळलं की छोट्या गाडीचं मागचं टोक सांभाळायचं असतं. वारा काही सरळ हिशोबानं वाढत नाही, स्पीड दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो. शंभरवरनं एकशे वीसला गेलीस तर तुला वाटतं वीसच वाढले, पण वाऱ्याचा जोर ४४ टक्के वाढला आणि गाडी थांबवताना ब्रेकला जी ताकद मारायची असते ती पण ४४ टक्के वाढली. आणि हा वारा गाडीला नुसता मागं ढकलत नाही, थोडा वर पण उचलतो. रोडला टेकलेला भाग किती, तर एका टायरचा तळहाताएवढा, चारही मिळून चार तळहात. त्यातलं मागचं वजन वाऱ्यानं कमी केलं की गाडी हलकी वाटणारच.

जर्मनीत ऑडीचं असंच झालं होतं. त्यांनी १९९८ ला टीटी म्हणून एक छोटी गोल गोंडस स्पोर्ट्स कार काढली, दिसायला एकदम भारी, पण ऑटोबानवर फार मोठ्या स्पीडला लेन बदलताना किंवा एकदम वळवताना मागची बाजू सुटायची. अपघात झाले, माणसं गेली. मग कंपनीनं गाड्या परत बोलावून मागं एक छोटा स्पॉयलर बसवला, म्हणजे वाऱ्यानं मागची बाजू उचलू नये म्हणून लावतात ती पट्टी, ईएसपी म्हणजे घसरणारी गाडी आपोआप सावरणारी सिस्टिम घातली आणि सस्पेन्शन बदललं. ऑडीसारख्यांना हे गाडी विकल्यावर कळलं, मग हिंजवडीत ऑनलाइन मागवून टेपनं चिकटवलेल्या स्पॉयलरचा काय उपयोग तूच सांग.

आता तुझ्या गाड्या. स्विफ्ट वाईट नाही, चालवायला मजा येते, शहरात तर लोण्यासारखी. २०२४ च्या मॉडेलला सहा एअरबॅग आणि ईएसपी सगळ्या व्हेरियंटला आहे ही मला फार आवडलेली गोष्ट. पण वजन टनाच्या आत आणि इंजिन ८२ पीएसचं (पीएस म्हणजे इंजिनाच्या ताकदीचं माप), म्हणजे स्पोर्टी दिसणारी गाडी म्हण, स्पोर्टी गाडी म्हणू नको. एन लाइनमध्ये एक लिटरचा टर्बो, १२० पीएस, १६ इंची चाकं आणि चारही चाकांना डिस्क. पैसे असतील तर डोळे झाकून घ्यावी अशी गाडी आहे, पण ईएमआय तुझा तू बघ, मी त्यात पडत नाही.

पोलोचं म्हणशील तर माझा जीव तिच्यात आहे हे मी कबूल करतो. चाकणला बनायची, २०१० ते २०२२. टनाच्या वर वजन, दार लावलं की तिजोरी लावल्यासारखा आवाज. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, स्विफ्टएवढाच, अडीच मीटरच्या आतबाहेर, तरी शंभरला ती जशी रोडला धरून चालते तशी त्या साइजमधली दुसरी गाडी माझ्या हाताला लागलेली नाही. फक्त कुठली घेतेस ते बघ. २०१३ पासूनची जीटी टीएसआय १.२ ची, १०५ पीएस, तिला सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, त्यात ड्राय म्हणजे तेलात न बुडलेला क्लच, तुझ्या हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये रोज दीड तास सरपटत तो क्लच तापणार आणि आता त्या गाड्या जुन्या पण झाल्या, गिअरबॉक्सचं काम निघालं तर तुझा दोन-तीन महिन्यांचा पगार गेला. २०२० नंतरची एक लिटर टीएसआय घे, ११० पीएस, मॅन्युअल नाहीतर सहा गिअरची टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक, तिच्यात क्लचऐवजी तेलातनं ताकद जाते. आणि ईएसपी आहे का ते विकणाऱ्याच्या तोंडावर सोडू नको. चावी फिरवल्यावर मीटरमध्ये घसरणाऱ्या गाडीचं पिवळं चित्र पेटून विझतं का ते स्वतः बघ. पेटलंच नाही तर एकतर सिस्टिम नाही किंवा कुणीतरी दिवा मारून टाकलाय. माझी लाल गाडी चारीत गेली ना, तिथं हेच ईएसपी एकेका चाकाला आपोआप ब्रेक मारून गाडी सरळ करतं.

आता मला सगळ्यात जास्त जे सांगायचंय ते. गेल्या महिन्यात पुण्यातनं एक पोरगा छोटी हॅचबॅक घेऊन आला, कंपनीचं नाव घेत नाही, नुकतीच घेतलेली सेकंडहँड, गाडी काचेसारखी पुसलेली, विकणाऱ्यानं सांगितलेलं की सिंगल ओनर, मॅडम चालवायच्या. तक्रार काय तर पळवली की डावीकडं जाते. पुण्यात दोन ठिकाणी अलाइनमेंट करून झालेली. मी मशिनवर घेतली, पुढची चाकं हिरव्यात, म्हणजे बरोबर, मागं डाव्या चाकाचा टो (वरनं बघितलं तर चाक आत-बाहेर किती वळलंय ते) लाल. आता या सगळ्या छोट्या गाड्यांना मागं एकच आडवा बीम असतो, बहुतेकांत त्याचा टो अ‍ॅडजस्ट करायला बोल्टच नसतो, म्हणजे मागचं रीडिंग लाल आलं तर ते आपोआप आलेलं नसतं, कशाला तरी आपटलेलं असतं. खाली जाऊन बॅटरी मारली तर बीमच्या एका बाजूला नवा काळा रंग, ब्रॅकेटच्या बोल्टवर पान्याचे ओरखडे. मॅडमनी कुठंतरी डिव्हायडर गाठला होता. कुत्रं कसं सरळ पळतं पण अंग जरा तिरकं असतं, तशी ती गाडी चालत होती, साठला कळत नाही, शंभरला कळतं. बीम बदलायला सांगितल्यावर पोराचं तोंड बघवत नव्हतं.

म्हणून गाडी पसंत पडली तरी टोकन द्यायच्या आधी कुठल्याही दुकानात जाऊन अलाइनमेंट चेक कर, नुसतं चेक, अ‍ॅडजस्ट नको, आणि प्रिंट काढून मला फोटो पाठव. चारही चाकांची पाहिजे, काही जण पुढच्या दोनच करून पैसे घेतात. विकणारा यायला कुरकुर करत असेल तर गाडी तिथंच सोडून चहा पिऊन घरी जा.

टायर बघताना नुसती नक्षी बघू नको. साइडला चार आकड्यांचा एक छाप असतो, २३१९ असेल तर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. रबर म्हातारं झालं की नक्षी शाबूत असली तरी ते दगडासारखं होतं आणि पावसात काही धरत नाही. साइजच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असतं ते स्पीडचं, टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४०, कंपनीनं दिलेल्या अक्षराच्या खालचं स्वस्तातलं कुणी घातलं असेल तर समजून जा की बाकी पण तिथंच वाचवलंय. आणि कधी दोनच नवीन टायर घेतलेस तर ते मागं टाक. सगळे मला वेड्यात काढतात, म्हणतात इंजिन पुढं, स्टीअरिंग पुढं, मग नवे मागं का? पुढचं चाक सुटलं तर गाडी सरळ जाते, ते तुला कळतं आणि तू स्पीड कमी करतेस. मागचं सुटलं तर कळायच्या आत गाडी फिरलेली असते.

१७ इंची अलॉय आणि खाली बसवायच्या स्प्रिंगा यांचं नाव काढू नको. कंपनीनं टो आणि कॅम्बर (चाक उभं किती कललंय ते) ठरवलेला असतो तो गाडी दोन इंच खाली आली की बदलतो, आणि रुंद टायर ट्रकनं पाडलेल्या चरीत गाडी ओढत नेतो. फोटोत छान दिसतं, एवढंच.

टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या भोवती दोन चकरा मारून नको. बायपासला काढ, ऐंशी-नव्वदला रिकाम्या पट्टीत स्टीअरिंग नुसतं बोटांनी धर आणि बघ गाडी स्वतःहून सरळ राहते का सारखं सांभाळावं लागतं. मग मागं कुणी नाही बघून ब्रेक जरा जोरात दाब, नाक एका बाजूला जातं का बघ. कंटेनरच्या बाजूनं जायचा चान्स मिळाला तर जा, आडोशाला असताना वारा बंद असतो आणि गाडीचं तोंड पुढं निघालं की एकदम थप्पड बसते, तेवढ्यावर गाडी किती हलते आणि किती लवकर शांत होते तेच बघायचं. दोन्ही हात स्टीअरिंगवर, झटका नको. नीरेच्या पुलावर पण असाच वारा लागतो, तुला माहितीच आहे.

आणि तू म्हणालीस दिवाळीत मैत्रिणींबरोबर समृद्धीनं नागपूरला जायचं, सातशे किलोमीटर. तिथं कारला १२० ची लिमिट आहे, मुंबई-पुणे एक्सप्रेसवेला १००, त्याच्या वर तुझ्या टर्बोचं काही काम नाही. पण १२० ला तासन् तास सरळ सिमेंटच्या रोडवर गाडी चालते तेव्हा टायर तापतो आणि हवा कमी असेल तर कड वाकून वाकून आणखी तापतो, टायर फुटतात ते बहुतेक असे. दाराच्या आतल्या पट्टीवर फुल लोडचा आकडा लिहिलेला असतो, चौघी आणि बॅगा असतील तर तो भर, सकाळी टायर थंड असताना. मधे थांबून गरम टायरचा आकडा वाढलेला दिसला म्हणून हवा सोडू नका, पंपावरची पोरं सोडतात.

कागदाचं थोडक्यात. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि ३५ नंबरचा फॉर्म, ट्रान्सफरचे २९ आणि ३०, परिवहनच्या अ‍ॅपवर चलान किती बाकी ते बघ, आणि इन्शुरन्स चौदा दिवसांच्या आत तुझ्या नावावर करून घे. मागच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुला मिळत नाही, तो त्याच्याबरोबर जातो, एजंट काही पण सांगेल.

बोलेरोवाला आला जेवून, त्याच्या लोअर आर्मच्या बुशा गेल्यात हे त्याला अजून सांगायचंय. तू शनिवारी ती बाणेरची पांढरी पोलो बघायला जाणार आहेस ना, मालक तयार असेल तर त्याला म्हण माझे पप्पा बघतील, गाडी कराडपर्यंत आणू. जेवण आपल्याकडं, आई तांबडा-पांढरा करते म्हणालीय. सकाळी अकराच्या आत आलात तर मशिन रिकामं ठेवतो, आणि येताना डिकीतली स्टेपनी काढून तिच्यावरचा पण छाप वाचून ठेव.

पप्पा