शहापूरच्या रेडिओ दुरुस्तीवाल्या मामांना

मामा, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहिलं आणि दुकानाला पाटी नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते. कुणीतरी तुम्हाला वाचून दाखवेलच.

मी खानापूरची डीटीपीवाली. भर पावसात चादरीत गुंडाळलेला मॉनिटर मांडीवर घेऊन बसनं आले होते, ती. १७ इंची, २००९ साली सेकंडहँड घेतलेला. किती लग्नपत्रिका जुळवल्या त्याच्यावर, मराठी आणि कन्नड, मोजदाद नाही.

जूनपासून रोज सकाळी दुकान उघडलं की पंधरा-वीस मिनिटं स्क्रीन जत्रेतल्या लायटिंगच्या माळेसारखी उघडझाप करायची. एकानं केबल बदलली, एकानं रिफ्रेश रेट ७५ चा ६० केला, एकानं व्होल्टेजला दोष देऊन स्टॅबिलायझर गळ्यात मारला. शेवटी एका दुकानात सरळ सांगितलं, भंगारात घाला. शिमग्यापासूनची उधारी वसूल व्हायची होती, नवा कुठून घेऊ?

तुम्ही मॉनिटरला हात लावायच्या आधी विचारलंत, "गार असताना जास्त करतंय की तापल्यावर?" दोन महिन्यांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, गार असताना. तुम्ही चष्मा कपाळावरून खाली घेतलात आणि कन्नडमध्ये म्हणालात, "आगतैती." म्हणजे होईल. तेवढ्यावर मला धीर आला, खरं सांगते.

मग केबल काढून नुसता मॉनिटर लावलात. सिग्नल नसल्याची चौकट आली आणि तीसुद्धा फडफडत होती. म्हणजे कॉम्प्युटर सुटला, केबल सुटली. मधेच स्क्रीनवर काळोख झाला तेव्हा तुम्ही बॅटरी तिरकी धरलीत. चौकट आत अंधुक दिसत होती. "चित्र हाय, मागचा उजेड जातोय."

जुनं एटीएम कार्ड फटीत घालून तुम्ही कडेचं प्लास्टिक कट-कट करत उघडलंत. मी वाकून बघायला गेले तर माझा हात झटकलात. प्लग काढला तरी वीज साठवणाऱ्या त्या मोठ्या कंडेन्सरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट बसून असतात म्हणे. तुम्ही त्याला बल्ब लावून तो रिकामा केलात, तेव्हा बल्ब क्षणभर लालसर झाला. ते बघितल्यावर मी दोन्ही हात पदरात घेतले!

खरे गुन्हेगार वेगळेच. शेंगदाण्याएवढे दोन छोटे कंडेन्सर. बाकीच्यांची डोकी सपाट, या दोघांची टम्म. आतलं रसायन सुकत आलं की गारठ्यात ते काम करायला कुरकुरतं, ऊब मिळाली की थोडं ताळ्यावर येतं, म्हणून माझी स्क्रीन पंधरा मिनिटांनी शांत व्हायची. १००० मायक्रोफॅरडच्या (हे वीज साठवायचं माप) जागी १००० चाच हवा, पण २५ व्होल्टच्या जागी ३५ चालतो, कमी चालत नाही; पट्टी असलेली बाजू वजा; आणि १०५ डिग्री उष्णता सोसणारा घ्यायचा, ८५ चा नाही. नवे बसवून डाग देता देता तुम्ही हे सगळं सांगत होता, जणू मी उद्यापासून तुमच्याकडे कामालाच येणार.

घेतलेत किती, तर १२० रुपये. वर चहा तुमचाच.

मॉनिटर अजून चालतोय. सकाळी बटण दाबलं की एकदम उजेड. त्या स्टॅबिलायझरवर आता मी शाईच्या बाटल्या ठेवते.

गेल्या आठवड्यात शेजारचा शिवणकामवाला त्याचा मॉनिटर घेऊन आला, फडफडतोय म्हणून. मी विचारलं, "गार असताना जास्त करतोय की तापल्यावर?" तो म्हणाला, "दिवसभर सारखंच." केबल काढली, तर चौकट अगदी स्थिर. मागं बघितलं तर केबलचे दोन्ही स्क्रू ढिले. पिळून दिले. त्यानं पैसे विचारले तर मी सांगितलं, शहापूरला मामांना द्या.

देईल की नाही कोण जाणे. चिकट आहे जरा.

तुमची,
खानापूरची डीटीपीवाली