दूध कमी नसतं, पकड चुकते

महोदय,

सिझेरियन झालं की ‘अंगावर दूध नाही’ म्हणत बाळाला पावडरचं दूध सुरू करण्याची घाई अनेक प्रसूतिगृहांत होते. पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी जेमतेम चमचाभर, 5 ते 7 मिलिलिटर पुरतं. तेवढा चीक, म्हणजे पहिलं घट्ट दूध, बहुतेक बाळंतिणींना असतोच. अडतं ते पकडीपाशी, म्हणजे बाळ स्तन तोंडात कसं धरतं तिथे. बाळाने नुसतं बोंड धरलं की चिरा पडतात, दूध ओढलं जात नाही आणि स्तन रिकामा झाला नाही की नवं दूध बनणंही मंदावतं.

बरोबर पकड म्हणजे बाळाचं तोंड मोठं उघडलेलं, हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, बोंडाभोवतीचा काळसर भाग वरच्या बाजूला जास्त दिसणारा, एवढं पाहायला दोन मिनिटं लागतात. टाके ओले असताना आईला ताठ बसवण्याचा हट्ट तरी कशाला? कुशीवर निजून किंवा बाळ काखेखाली धरून पाजता येतं.

प्रत्येक पाळीत एक प्रशिक्षित परिचारिका फक्त याच कामासाठी हवी. बाळ काचेच्या पेटीत असेल तर पहिल्या काही तासांतच आईचं दूध हाताने काढायला लागावं, रात्र धरून दिवसातून 8 वेळा, आणि वाटी-चमच्याने पाजावं. घरी सोडताना सांगावं: पाचव्या दिवसापासून दिवसाला निदान 6 लंगोट ओले व्हायला हवेत.

आणि पावडर कंपन्यांची कॅलेंडरं भिंतीवरून उतरवा. 1992 च्या कायद्याने ही जाहिरातबाजी केव्हाच बंद केली आहे.

– स्तनपान समुपदेशक, पुणे