मनूच्या नर्सिंगबद्दल

दांडिया बाजार, बडोदा
रविवार, दुपार

प्रिय सुमे,

तुझं पत्र बुधवारी मिळालं, पण नाइट चालू होत्या म्हणून उत्तर लांबलं. आज ऑफ आहे. झोप झाली, कपडे वाळत घातले आणि लिहायला बसले. फोनवर बोलले असते तर निम्मं राहून गेलं असतं.

मनूला नर्सिंग करायचंय आणि तुझ्या सासूबाई म्हणतात, परक्या पुरुषांची अंगं पुसायची का आपल्या मुलीनं? अगं, माझ्या वेळी माझ्या आजीनं अगदी हेच शब्द काढले होते. रमाबाई रानड्यांनी पुण्यात १९०९ साली सेवासदन काढलं आणि बायकांना नर्सिंग शिकायला पाठवलं, तेव्हाही घराघरांतून हेच ऐकू आलं असणार.

अंग पुसावं लागतं, हे खरंच आहे. पण त्या दहा मिनिटांत काय चालतं ते सासूबाईंना सांग. माणसाला कुशीवर वळवलं की आधी माकडहाडाजवळची कातडी बघायची. लाल डाग दिसला तर बोटानं दाबायचा. बोट काढल्यावरही तो लालच राहिला तर बेडसोर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, सुरू झाला म्हणून समजायचं, आणि मग दर दोन तासांनी कूस बदलायचीच, कुणी सांगो वा न सांगो. टाचा बघायच्या. एकच पोटरी सुजलीय का, कालच्यापेक्षा आज हात उचलायला जड जातोय का, सलाईनच्या कॅन्युलाची जागा गरम लागतेय का, सगळं त्या ओल्या टॉवेलाबरोबर कळत जातं. आयाबाईकडे हे काम सोपवून मोकळी होणारी नर्स मला आवडत नाही ती यासाठीच.

गेल्या महिन्यातली गोष्ट सांगते. पादरा गावाकडचे एक काका होते, लघवीच्या इन्फेक्शननं आलेले. रात्री दोनला बीपी ठीक, ताप नाही, ऑक्सिजन ९६. फक्त एवढंच म्हणाले, "बेन, मने सारुं नथी लागतुं," म्हणजे बरं वाटत नाही. मी खुर्ची ओढली आणि घड्याळ हातात धरून त्यांचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजले. २८ भरले. संध्याकाळच्या चार्टवर २० होते, आणि तुला खरं सांगते, ते २० पुष्कळदा न मोजताच लिहिलेले असतात. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला १२ ते २० असतो. बाकीचे आकडे बिघडायच्या आधी बहुतेक वेळा तोच वाढतो. डॉक्टरांना उठवलं. आधी चिडले, पण आले. पहाटे बीपी उतरलंच, पण तोवर जंतू शोधायला कल्चर पाठवलं होतं, अँटिबायोटिक आणि सलाईन सुरू झालं होतं. नवव्या दिवशी काका चालत घरी गेले. जाताना मुलानं पेढ्यांचा पुडा डॉक्टरांना दिला, आणि काका मागं वळून माझ्याकडे बघत हात जोडून उभे राहिले. तेवढं मला आठवडाभर पुरलं.

मनूला लोक म्हणतील, सेवा आहे, पुण्य लागेल. तू मात्र असं म्हणू नकोस. सेवा म्हटलं की पगार मागायची लाज वाटायला लागते, आणि अभ्यासही कमी लागतो असं वाटतं. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं आहे. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी लागतं. ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायोलॉजी, फार्मॅकॉलॉजी, मग मेडिकल-सर्जिकल, मुलांचं, मानसिक आजारांचं, बाळंतपणाचं, कम्युनिटीचं. पास झाल्यावर राज्याच्या काउन्सिलकडे रजिस्ट्रेशन, त्याशिवाय इंजेक्शनला हात लावायचा नाही. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, तोही चांगला आहे, मी तोच केला आणि मग दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी. पण आता तिनं बीएस्सीच करावं. एम्सच्या नर्सभरतीच्या नोरसेट परीक्षेला बीएस्सीवालीला थेट बसता येतं. जीएनएम असेल तर आधी किमान ५० खाटांच्या हॉस्पिटलात दोन वर्षं काढावी लागतात.

अभ्यास का म्हणते ते माझ्यावर बेतलेलं आहे. हे तुला कधी बोलले नव्हते. नोकरीचं दुसरं वर्ष होतं, सलग सातवी नाइट. इन्सुलिनची कुपी मिलीला १०० युनिटची होती आणि माझ्या हातात लाल टोपणाची सिरिंज, म्हणजे मिलीला ४० युनिटच्या कुपीसाठीची. १० युनिट द्यायचे म्हणून १० च्या रेघेपर्यंत ओढलं. त्या कुपीतून तेवढं ओढलं तर पोटात २५ युनिट जातात. शेजारच्या सिस्टरनं टोपणाचा रंग पाहिला आणि माझं मनगट धरलं. पेशंटला काही झालं नाही, पण मी बाथरूममध्ये जाऊन रडले. तेव्हापासून सिरिंज आणि कुपी दोन्ही शेजारीण बघेपर्यंत मी टोचत नाही. पोटॅशियमचंही तसंच, ते शिरेतून थेट ढकललं तर हृदय बंद पडतं. मनूला गणित आवडतं म्हणालीस, त्याचा मला फार आनंद झाला.

आता कष्टाचं. पाय सुजतात, सण जातात. २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्रीला पूर आला तेव्हा सुटायच्या वेळी माझी रिलीव्हर येऊच शकली नाही, मी दोन दिवस वॉर्डातच होते. ते मला जड गेलं नाही, कारण सगळेच अडकले होते. जड जातं ते रोजचं. व्हेंटिलेटरवरच्या एका पेशंटला एक नर्स असा नियम, आणि मी एकटीनं तीन सांभाळलेत. नातेवाइकांच्या शिव्या खायला पुढं आपणच असतो. पगाराचं म्हणशील तर सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या आदेशावरून नेमलेल्या समितीनं सांगितलंय की ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी दवाखान्यातही नर्सला २०,००० च्या खाली देऊ नये, आणि २०० च्या वर खाटा असतील तर सरकारी पगाराइतकं द्यावं. माझ्याबरोबरच्या एका मुलीला त्या २०,००० च्या निम्म्यावर सही करायला लावली. मला याचा राग येतो सुमे, आणि तो राग मनूलाही यायला हवा.

कॉलेज मात्र डोळ्यांत तेल घालून निवड. आमच्याकडे एक मुलगी आली, चार वर्षांची डिग्री घेऊन, आणि तिनं एकाही बाईचं बाळंतपण जवळून पाहिलेलं नव्हतं. केसबुक दुसरीचं उतरवलेलं. पोरगी हुशार, दोष तिचा नव्हता. कॉलेजचं स्वतःचं निदान १०० खाटांचं हॉस्पिटल आहे का ते विचार, आणि मग शनिवारी दुपारी न सांगता तिथं जाऊन बघ की त्या खाटांवर माणसं आहेत का. ड्यूटी बदलताना ओव्हर द्यायच्या वेळी विद्यार्थिनी पेशंटजवळ उभ्या असतात की कँटीनमध्ये, तेही बघ. इमारत, लॅब, बस यांवर जाऊ नकोस.

परीक्षा झाली की मनूला चार दिवस माझ्याकडे पाठव. वॉर्डात नेता येणार नाही, पण माझ्या मैत्रिणींशी बोलेल, मी नाइट करून येते तेव्हा कशी असते ते बघेल. बीपी बघायला शिकवीन, घरात दोन म्हातारी माणसं आहेतच. पहाटेची गाडी असेल तर मी ड्यूटीवरून थेट स्टेशनवर येईन. तिला सांग, येताना नखं कापून ये.

तुझी,
नीला