तुझं तू ठरव

आई-बाबा, सलाम.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस ना आवाज थकलेला वाटतोय, तर खरं सांगते, इथला जॉब अजून दोन वर्षं करायचा की नगरला परत यायचं हे काही केल्या ठरत नाहीये, झोप उडालीये. रविवारी उपासना झाल्यावर घरी न जाता नोरेब्रोच्या कबरस्तानात जाऊन बसले. कोपनहेगनमधे लोक तिथे ऊन खायला येतात, सायकली चालवतात. तिथेच सोरेन किर्केगार्द या डॅनिश तत्त्वज्ञाची कबर आहे, आणि डॅनिशमधे त्याच्या आडनावाचा अर्थच कबरस्तान.

बाबा, हा तुम्हाला आवडला असता. १८५५ मधे बेचाळिसाव्या वर्षी गेला, शेवटी शेवटी चर्चशी कडाक्याचं भांडला पण ख्रिस्ताला सोडलं नाही. १८४४ मधे त्याने लिहिलंय की खोल दरीत डोकावलं की जशी चक्कर येते तशी माणसाला स्वातंत्र्याची चक्कर येते आणि तीच धास्ती. भीती कशाची तरी असते, कुत्र्याची, आजाराची, पण धास्तीला समोर काही नसतं, आपण हेही करू शकतो आणि तेही, एवढंच कळलेलं असतं. मला वाटत होतं माझा विश्वास कमी पडतोय म्हणून पोटात गोळा येतो. तसं नाहीये हे वाचून मी तिथेच रडले.

बारावीनंतर मी विचारलं तेव्हा बाबा तुम्ही म्हणालात "तुझं तू ठरव" आणि झाडांना पाणी घालायला गेलात. मला इतका राग आला होता, वाटलं अंग काढून घेतलं. पण किर्केगार्दने १८४६ मधे वहीत लिहून ठेवलंय की देव सर्वसमर्थ आहे म्हणूनच तो माणसाला खरंखुरं मोकळं करू शकतो, आपण माणसं कुणाला काही दिलं की त्याला मिंधं करून ठेवतो, देव मात्र देता देता स्वतःला मागे घेतो. येशूच्या गोष्टीतला उधळ्या पुत्राचा बाप आठवला मला, वाटणी देऊन टाकली आणि जाऊ दिलं, मागे माणूस नाही पाठवला.

एक मात्र मला पटत नाही. देवापुढे माणूस एकटाच उभा असतो म्हणतो तो, १८४१ मधे रेगिनेशी ठरलेलं लग्नही मोडलं त्याने. मला एवढं एकटं नाही उभं राहता येत.

शुक्रवारी ऑफिसला कळवायचंय. काय करू असं विचारत नाहीये, फक्त गुरुवारी रात्री घरच्या प्रार्थनेत माझं नाव घ्या, तेव्हा इथे संध्याकाळ असेल, मीही बसेन.

तुमची,
छकुली