धूर संध्याकाळचा, डास सकाळचा

मा. संपादक,

स.न.वि.वि.

डेंग्यूचे रुग्ण वाढल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. शेजारी धुराच्या गाडीमागे पळणाऱ्या पोरांचा फोटो होता आणि खाली ‘धूरफवारणी वाढवणार’ असं आश्वासन. मी हिवताप योजनेत आधी फवारणी पथकात आणि नंतर आरोग्य कर्मचारी म्हणून नोकरी केली. त्यामुळे त्या धुराबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही.

डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती हा दिवसा चावणारा डास. सकाळी ऊन वर येईपर्यंत आणि दुपार कलल्यापासून सूर्य मावळेपर्यंत त्याचा जोर असतो. गाडी येते दिवेलागणीनंतर. तोवर तो (खरं तर ती, चावते ती मादीच) पलंगाखाली, खुंटीवरच्या कपड्यांमागे, कपाटाच्या सांदीत जाऊन बसलेली असते. धुरातलं औषध अंगावर पडलं तरच डास मरतो. आणि गाडीची घरघर ऐकू आली की आपण काय करतो? खिडक्या लावून घेतो. धूर बाहेर, डास आत. गटारावरचे क्युलेक्स जातीचे डास थोडेफार पडतात, डिझेलचा वास रात्रभर रेंगाळतो आणि काम झाल्यासारखं वाटतं. अंडी-अळ्यांच्या तर केसालाही धक्का लागत नाही. साथ भडकली असताना, घराच्या आत शिरून आणि योग्य वेळी केलेल्या फवारणीला अर्थ आहे. रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीला फारसा नाही. पण धूर सगळ्यांना दिसतो, घासून पालथा घातलेला रांजण कोणाला दिसत नाही.

आमच्या खात्याचं जे काही यश होतं, ते डासाची सवय ओळखल्यामुळे होतं. हिवतापाची अ‍ॅनोफिलीस मादी रक्त पिऊन जड झाली की जवळच्या भिंतीवर टेकते. या एका सवयीवर १९५३ चा राष्ट्रीय कार्यक्रम उभा राहिला: भिंतीवर डीडीटी मारा, ती आपण होऊन औषधावर येऊन बसेल. त्या वेळी देशात वर्षाला अंदाजे साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे आणि आठ लाख मरत. १९६१ मध्ये नोंदलेले रुग्ण पन्नास हजारांच्या आसपास उरले. पुढे १९७६ मध्ये तो आकडा ६४ लाखांवर गेला, त्याची कारणं बरीच. औषधाला डास दाद देईनात, पुरवठा तुटला, यंत्रणा ढिली पडली. शिवाय डीडीटी डासाला नुसतं मारत नाही, चिडवतंही. काही डास भिंतीला न टेकताच बाहेर निघून जातात. आणि एक कारण आम्ही डोळ्यांनी पाहिलं. घर फवारून यायचो आणि आठ दिवसांत सण आला की बायका त्याच भिंती शेणामातीने सारवून काढायच्या. औषध सारवणाखाली. त्यांना काय म्हणणार? फवाऱ्याचे पांढरे डाग घेऊन कोणी दिवाळी करतं का? डासाची सवय आम्हाला पाठ होती, माणसाची सवय कोणी कागदावर लिहून घेतली नव्हती.

आता एडिसकडे येतो. तिची सगळ्यात कामाची सवय अंडी घालण्याची आहे. ती अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या रेघेच्या जरा वर, भांड्याच्या ओल्या भिंतीला चिकटवते. एका खेपेची शंभरेक अंडी एकाच जागी न घालता चार-पाच भांड्यांत विभागते. अंडी खसखशीहून बारीक आणि काळी. भांडं कोरडं पडलं तरी कित्येक महिने तग धरतात, पाणी चढलं की अळ्या बाहेर. म्हणून ‘आठवड्यातून एक कोरडा दिवस’ पाळताना पिंप नुसतं ओतून चालत नाही, आतून काथ्याने खसाखसा घासावं लागतं. ही गोष्ट भिंतीवरच्या सरकारी घोषणेत सहसा नसते. अंड्यापासून पंख फुटेपर्यंत उन्हापावसाप्रमाणे साधारण आठ ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याचा हिशेब.

हीच सवय उलटवून सापळा करता येतो. तिला काळं भांडं, सावली आणि पालापाचोळा कुजलेलं पाणी आवडतं. १९६० च्या दशकात अमेरिकेत काळ्या बरणीत पाणी आणि आत खरबरीत पट्टी ठेवून एडिस शोधायला सुरुवात झाली. पुढे त्याला जाळी आणि चिकट कागद आले: मादी अंडी घालायला आत येते आणि चिकटते. कॅरिबियन समुद्रातल्या पोर्तो रिको बेटाच्या दक्षिणेकडल्या वस्त्यांत घरटी तीन असे सापळे बहुतेक सगळ्या घरांत लावले, तेव्हा एडिसच्या माद्या निम्म्याहून कमी झाल्या. २०१४ मध्ये तिथे चिकुनगुन्याची साथ आली, तेव्हा सापळे असलेल्या वस्त्यांत लागणही कमी दिसली. सिंगापूरने २०१७ च्या सुमारास असे पन्नास हजार सापळे इमारतींत बसवले, प्रामुख्याने डास कुठे वाढतो आहे हे कळावं म्हणून. आपल्याकडे ते ताप आल्यावर कळतं.

डासच कशाला, आफ्रिकेतली त्सेत्से माशी घ्या. निद्रारोग आणि गुरांचा नागाना रोग ती पसरवते. पूर्वी तिच्यासाठी जंगलं तोडली, रानटी जनावरं मारली. झिंबाब्वेतल्या संशोधकांनी मग निवांत बसून पाहिलं की तिला नेमकं काय ओढतं. उत्तर निघालं बैलाच्या श्वासातला वास आणि निळा-काळा रंग. औषधात बुडवलेलं कापड, शेजारी वासाची बाटली. एका चौरस किलोमीटरला अशी चार ठिकाणं पुरतात, कारण ती माशी आठ-दहा दिवसांनी एकच पिल्लू घालते, भर पडायला वेळ लागतो. युगांडात आणि गिनीत नदीकाठी आता वीतभर रुंद निळी फडकी लावतात. रोग आटोक्यात आला तो मुख्यतः तपासणी आणि औषधोपचाराने, हे मान्य. पण फडक्यांनी हातभार लावला.

एक इशाराही देतो, नाहीतर उद्या लोक गॅलरीत डबे मांडतील. साधा घरगुती सापळा आठवड्याला रिकामा करून पट्टी उकळत्या पाण्यात टाकली नाही, तर तो डासांचा कारखाना होतो. आणि बाजारात मिळणारी ‘अल्ट्रासाऊंड’ची डबी? पैसे वाचवा, तिने चावे कमी होत नाहीत हे चाचण्यांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

पण सापळ्याशी स्पर्धा करतात आपली पिंपं. मराठवाड्यातल्या काही शहरांत नळाला पाणी येतं चार-आठ दिवसांनी. अशा घरातल्या बाईला ‘पाणी साठवू नका’ सांगायला मला नोकरीतसुद्धा लाज वाटायची. जे पाणी आठ दिवस पुरवायचं, ते कोरड्या दिवशी ती ओतणार कुठे? म्हणजे पाणीपुरवठ्याचं वेळापत्रक हेही डास नियंत्रणाचं काम आहे. पाणी येण्याच्या आदल्या दिवशी घासणं जमतं, तेव्हा भांडी रिकामी असतात. कोरडा दिवस सगळ्या शहराला एकच ठरवण्यापेक्षा ज्या भागाला ज्या दिवशी पाणी, त्याच्या आदल्या दिवशी ठेवा. पिंपाला घट्ट कापड बांधा, टाकीच्या झाकणाची फट बुजवा, हौदात अळ्या खाणारे गप्पी मासे सोडा.

माझी महापालिकेला विनंती एवढीच की एका प्रभागात एक पावसाळा हे करून पाहावं. धुराच्या डिझेलचे पैसे त्या प्रभागापुरते घर तपासणाऱ्या मुलींच्या मानधनाला द्यावेत, सापळ्यातल्या अंड्यांची आठवड्याची मोजणी वॉर्ड ऑफिसच्या फळ्यावर लिहावी, आणि शेजारच्या प्रभागात नेहमीसारखी गाडी फिरवावी. मग दोन्हीकडचे रुग्ण मोजू.

माझ्या गॅलरीत जूनपासून एक डबा आहे. काळ्या रंगाचा, आत जाड कापडाची पट्टी. दर सोमवारी पट्टी काढून भिंगाखाली धरतो. परवा इतकी अंडी होती की मोजता मोजता चष्मा पुसायला थांबावं लागलं. त्याच संध्याकाळी आमच्या गल्लीतून धुराची गाडी गेली होती.

आपला,
एक निवृत्त हिवताप कर्मचारी
(नाव छापू नये)